जुन्या विंडोजवाले आप्पा

आप्पांनी पैसे खाल्ले, असं उमरग्यात आजही लोक बोलतात. मी शपथेवर सांगते, नाही खाल्ले. खाल्ले असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. पैशापायी माणूस घसरतो, त्यात नवल ते काय? घरात दुखणं असतं, पोरीचं लग्न असतं, नाहीतर साधा हावरटपणा असतो. समजून घेता येतं. पण आप्पांनी जे केलं ते कशापायी केलं हे मी कुणाला सांगायला गेले, की लोक माझ्याच तोंडाकडं बघत बसतात. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते. आता ते नाहीत. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. त्यांनी एका जित्या बाईचं जे वाटोळं केलं, त्याचं काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

हायवेच्या कडेला गाळ्यांची एक दुमजली इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर माझं शिलाईचं दुकान. ब्लाऊज, फॉल, पिको. शेजारचा गाळा आप्पांचा, लग्नाच्या शूटिंगचा. आमच्यामधली भिंत इतकी पातळ, की पलीकडं आप्पा कॉम्प्युटरवर लग्नाचं शूटिंग कापायला बसले की माझ्या मशीनच्या आवाजात मंगलाष्टका मिसळायच्या. एकच "सावधान" दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं, कारण ते तिथंच पुढंमागं करत बसायचे. गिऱ्हाईक बाया घाबरून विचारायच्या, "अक्का, हितं रोज कुणाचं लग्न असतंय?"

आप्पा म्हणजे उंच, किडकिडीत, कपाळाला विभूती, खिशाला पेनच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, मगच आत यायचं. कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ कुणी गेलं रे गेलं, की आतून आवाज यायचा, "लांबनं! लांबनं!" त्यांच्या बायकोलाही तसंच. बिचारी जेवणाचा डबा उंबऱ्यावर ठेवून जायची. आणि तोंडात एक वाक्य कायम: "कॉम्प्युटर काय लई जणाकडं हाय हो, येतो किती जणाला?" बँकेचे साहेब पोरीच्या लग्नाचं ठरवायला आले होते, त्यांनाही हे ऐकवलं. साहेब मुकाट्यानं हो म्हणाले.

आणि यायचा हो त्यांना कॉम्प्युटर, त्यात खोट नाही. फक्त तो जुना होता. त्यातलं विंडोज पार जुनं, लोकांनी कधीच टाकून दिलेलं. लग्न कापायचं त्यांचं जे सामान होतं, ते म्हणे त्याच्यावरच चालायचं. पुण्याला असतो तो जावई एकदा फोनवर बोलून बसला, "मामा, आता तरी बदला, लोक हसतात." झालं. जावयानं आपल्याला अडाणी म्हटलं, हे त्यांनी मनात धरलं. त्यानंतर पोरगी दिवाळीला एकटीच यायची. मी एकदा म्हटलं, "आप्पा, जावई आहे तो, सोडून द्या." तर माझ्यावरच उसळले. "मला चोर म्हणला असता तर हसलो असतो अक्का. अडाणी म्हणला!"

मला तेव्हा हसू आलं होतं.

त्यांचं काम मात्र बघत राहावं असं. बाकीचे शूटिंगवाले नवरानवरीच्या तोंडावर दिवा मारून उभे राहतात. आप्पा मानपानाची अख्खी रांग टिपायचे. कुणाला फेटा बांधला, कुणाला नुसती टॉवेल-टोपी दिली, कुणाचं नाव माईकवर घेतलं, कुणाचं राहिलं. "लग्नात लग्नाला किंमत नसती अक्का. भांडण लागतंय ते हितं." आणि खरंच लागायचं. मुरूमकडचा एक मामा, आपल्याला फेटा बांधला नाही म्हणून बहिणीच्या घरी पाणी प्यायचा बंद झाला होता. बहीण रडत आप्पांकडं आली. आप्पांनी मामाला बोलावून घेतलं, हात धुवायला लावले, खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर लग्न लावून दिलं. बघते तर काय, त्यात मामा चांगला गुलाबी फेटा बांधून खुर्चीत घोरत पडलेला! बहीण हसून हसून बेजार. मामा उठला, म्हणाला, "हा मी न्हायच," आणि तरातरा जिना उतरून गेला. आप्पा दिवसभर खुशीत होते. मामा बहिणीकडं गेला का, ते त्यांनी विचारलंही नाही.

लोकांना ते द्यायचे ती सीडी वेगळी. तिच्यात बदामाच्या आकारात नवरानवरी, फुलं उडतायत, वर गाणं. खरं शूटिंग, माणसांच्या बोलण्यासकट, जसंच्या तसं, ते फक्त त्यांच्याकडं. कुणाची आई गेली, कुणाचा भाऊ गेला, की माणसं जिना चढून यायची. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला फोटो पाहिजे म्हणायची, आणि फोटो मिळाला तरी उठायची नाहीत. मग आप्पा न सांगता तो तुकडा लावायचे, ज्यात म्हातारी नाव घेतीय, नाहीतर पंगतीत वाढताना कुणाला तरी शिव्या देतीय. पैसे घ्यायचे नाहीत. "नाक पुसा, मशीनवर पडंल," एवढंच म्हणायचे. "माझ्याकडं कोण मरत न्हाय," असंही एकदा म्हणाले होते. मी म्हटलं, मग याची दुसरी प्रत करून घरी ठेवा की. त्यावर म्हणाले, "दोन घरी ठेवलेली वस्तू कुणाचीच राहत न्हाय."

हे सगळं होतं एका काळ्या डबीत. डबी म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढी, मागं दोन वायरी. आत मोठी डिस्क. ती आणली तेव्हा आप्पांनी माझ्या दुकानात येऊन समजावून सांगितलं होतं, आणि ते मला अजून पाठ आहे, कारण त्यांनी माझ्याच टेबलावरचं कापड ओढलं होतं.

"हे बघा अक्का. डिस्क म्हणजे लांबलचक कापड. त्याच्यावर लिहायचं ते तुकड्या-तुकड्यानं. जुनं विंडोज ठराविक आकड्यापर्यंतच तुकडे मोजतंय, त्याच्यापुढं त्याची बोटं सरली. आता हे कापड तुम्ही वितीनं मोजलं तर आकडा लई होतोय. कोपरापासनं हातानं मोजलं तर?"

"कमी."

"शाबास. ही डबी तेच करती. डिस्क सांगती वितीत, डबी त्याचे मोठे मोठे तुकडे करून विंडोजला सांगती हातात. आकडा कमी आला, विंडोज खूश. कळलं?" मग कापड फेकून म्हणाले, "तुमाला कळलं, माझ्या जावयाला कळणार न्हाय."

आता सुरेखाचं सांगते. ती माझ्याकडं हूक लावायला, काज करायला येते. धनगराची पोर, गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून. बाप मेंढरं राखायचा, तो लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला. नवऱ्याचा हायवेवर धाबा. त्यानं दुसरी आणली आणि हिला काढून दिलं. ही कोर्टात गेली, तर त्यानं तिथं सांगितलं काय, "लग्नच झालेलं न्हाय. बाई धाब्यावर भांडी घासायला होती." धाब्यावर भांडी घासायला! माझ्या हातातली कात्री खाली पडली ते ऐकून. लग्न दारात मांडव घालून लागलेलं, त्याची कुठं नोंद नाही. अल्बम आणि सीडी सासरी, त्यांनी चुलीत घातली असणार. लग्न लावणारा म्हणाला, मला कुठली कुठली लग्नं आठवणार? सासरच्या गावातनं कोण साक्षीला येणार? सुरेखा पोटगीचं बोलायचीच नाही. तिचं एकच, "अक्का, म्या बायको हाय एवढं तरी कुणीतरी म्हणा. भांडीवाली म्हणून मरायचं न्हाय मला."

आणि त्या लग्नाचं शूटिंग आप्पांनी केलेलं होतं.

सुरेखा त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. आप्पांनी तारीख विचारली, गाव विचारलं, क्षणात लग्न काढलं. मी दारातून बघत होते. अंतरपाट, मंगळसूत्र, नवऱ्याचा हसरा चेहरा, मागं तिचा बाप घोंगडी खांद्यावर घेऊन उभा. सुरेखानं नवऱ्याकडं बघितलंच नाही. ती म्हणाली, "आमचे आबा बघा की अक्का, कसं अवघडून उभे हायत." आप्पांनी ते चित्र तिथंच थांबवून ठेवलं, बराच वेळ. मग खुर्ची वळवून म्हणाले, "पोरी, जा, निवांत झोप. तुझं लग्न माझ्याकडं हाय."

त्या वेळी मी त्यांच्या पाया पडायचीच राहिले होते.

वकील धाराशिवचे. ते म्हणाले, प्रत काढून द्या, सोबत दाखला जोडू, चालतं. आप्पांना ते पटेना. "प्रत म्हणल्यावर समोरचा म्हणणार, बनवलेलं हाय. म्या अस्सलच घेऊन येतो. लावतो आन् दाखवतो." कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. तारखेच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो. आप्पा नवं धोतर नेसलेले, डबी टॉवेलात गुंडाळून मांडीवर. तुळजापूरला गर्दी चढली, एका माणसाचं पोतं वरच्या फळीवरून घसरलं ते नेमकं आप्पांच्या मांडीवर. आप्पांनी त्याच्या सात पिढ्यांची पूजा केली. डबी उघडून बघितली, वरून काही दिसेना.

कोर्टाजवळ वकिलांच्या ऑफिसात डबीला वायर लावली तर दिवा लागेना. मागची वायर खोचायची जागा दबून आत गेली होती. सुरेखाला तिथंच बसवलं, आणि मी अन् आप्पा जवळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार पोक्त माणूस होता. त्यानं उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "डबीचं सर्किट गेलंय काका. अशीच डबी लातूरहून मागवून देतो, दोन-तीन दिवस लागतील. तोवर आतल्या डिस्कला हात लावू नका."

झालं, "हात लावू नका" म्हणाला! आप्पांना! त्यांनी दुकानदाराच्या कॉम्प्युटरकडं बोट केलं. "विंडोज कंचं हाय?"

"नवीनच आहे."

"नव्याला मोठे तुकडे कळतेत ना?"

"कळतात की."

"मग? डबी कशाला पाहिजे? डबी माझ्या जुन्या विंडोजसाठी होती. लंगड्याला काठी. ह्याला काय गरज?" खिशातला स्क्रू ड्रायव्हर निघालासुद्धा. दुकानदार थांबा थांबा म्हणतोय तोवर यांनी डबी फोडली, डिस्क काढली आणि सरळ त्याच्या कॉम्प्युटरला जोडली.

पडद्यावर डिस्क आली. रिकामी. वर विचारलं होतं, वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? आप्पांनी काढली, परत लावली. तेच. पुन्हा काढली, पुन्हा लावली.  दुकानदार चांगला माणूस, त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "नको म्हणत होतो मी." आप्पांनी डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि बाहेर पडले. वकिलांना म्हणाले, मशीन बिघडलंय. वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली.

परत येताना सुरेखा पुढच्या बाकावर झोपली होती. तुळजापूर मागं पडलं. मग आप्पांचा हात पुढच्या सीटच्या दांड्यावर फिरायला लागला. दांडा कोपरापासून बोटापर्यंत हातानं मोजला. मग वितीनं मोजला. मग परत हातानं. नळदुर्ग आलं, आणि ते एकदम थांबले.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "भरलेली हाय ती."

"काय?"

"डिस्क. सगळं आत हाय. कुठलं लग्न कुठं ठेवलंय ते डबीनं हाताच्या मापात लिहिलेलं. डबी काढल्यावर डिस्क परत वितीत बोलाय लागली. हातावर ठेवलेलं वितीवर हुडकलं, कसं घावंल? विंडोज नवं असू द्या न्हायतर जुनं. माप डबीचं हाय. तशीच दुसरी डबी लावली की सगळं जिथल्या तिथं."

मी देवीचं नाव घेतलं. "मग झालं की हो आप्पा! मी लातूरला जाते, डबी आणते. पुढच्या तारखेला सांगा, माझ्या हातनं चूक झाली, डिस्क बाहेर काढायला नको होती."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांना भर चौकात धोतर सोडायला सांगितलंय. "कोर्टात उभं राहून सांगू? त्या दुकानदारानं नको म्हणलं हुतं, तरी मला कळलं न्हाय, असं? उद्या वकील इचारंल, आप्पा, तुमाला कॉम्प्युटर येतोय का? काय सांगू?"

"सांगा येतो म्हणून. चुकतं माणूस."

"म्या न्हाय चुकत."

मी बसमध्ये त्यांच्याशी भांडले. उमरगा येईपर्यंत भांडले, आल्यावरही भांडले. सुरेखाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आप्पा करतील नीट. त्यांनीच म्हटलंय, तुझं लग्न माझ्याकडं हाय." मी लातूरहून तशीच डबी मागवली, त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडलीही नाही.

पुढच्या तारखेला ते साक्षीला उभे राहिले. ताठ. सुरेखाच्या वकिलांनी विचारलं, या लग्नाचं चित्रण आपल्याकडं आहे का? आप्पा म्हणाले, "हुतं. आता न्हाय."

"काय झालं त्याचं?"

"पुसलं. जागा लागत हुती. माझी डिस्क, म्या पुसली."

 समोरच्या वकिलाला एकही प्रश्न विचारावा लागला नाही, तो गालात हसत खाली बसला. सुरेखाचा नवरा तर आप्पांकडं असं बघायला लागला, जणू आपल्याच माणसांपैकी कुणी परस्पर पैसे देऊन हे काम केलं की काय. त्यानं दिलेलं नव्हतं काही, त्यालाच माहीत होतं. पण बाहेर आल्यावर त्यानंच सगळ्यांदेखत आप्पांना नमस्कार केला, आणि संध्याकाळच्या आत उमरग्यात झालं की आप्पा विकले गेले. मी वकिलांना गाठून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, डिस्क तपासायला मागवून घेऊ, अर्ज करतो.

हे आप्पांच्या कानावर गेलंच.

दोन दिवसांनी दुपारी भिंतीपलीकडं मंगलाष्टका नाहीत, काही नाही. मला राहवेना, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेले. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर. सोलापूरहून आणलेला, नव्या विंडोजचा. ज्याच्यावरून जावई तोडला, तो. त्याला ती डिस्क जोडलेली, डबीबिबी काही नाही, आणि पडद्यावर लिहिलेलं, फॉरमॅट पूर्ण झालं. मुरूमचा मामा, नाव घेणाऱ्या म्हाताऱ्या, घोंगडीवाला बाप, सगळे गेले. आप्पा हात बांधून बसले होते.

"आता तपासा म्हणावं," ते म्हणाले. "म्या कोर्टात खोटं बोललेलो न्हाय."

माझ्या तोंडून शिवी गेली. बाईमाणसाच्या तोंडी शोभणार नाही अशी. तेवढ्यात मागं सुरेखा आली होती. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, बरंच झालं. ती उंबऱ्याच्या बाहेर चपला काढून उभी राहिली, एवढं होऊनही चपला काढून.

"आप्पा," ती म्हणाली, "त्याच्याकडनं घेतलं का तुमी?"

आप्पा म्हणाले, "व्हय. घेतलं."

"खोटं!" मी ओरडले. "दमडी घेतलेली न्हाय यांनी, सुरेखा."

"मग कशापायी केलं?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, साधी सुई नाही. आता हात जोडायचे तेवढे बाकी होते. मी नाही ऐकलं. म्हटलं, "यांना डिस्क लावता आली नाही, म्हणून. चुकलो म्हणायचं नव्हतं, म्हणून."

सुरेखा माझ्याकडं बघत राहिली, मग आप्पांकडं. तिला राग यायला हवा होता, तो येईचना. एखाद्या लहान पोरानं थाप मारावी तशी ती हसली.

"जावा अक्का," ती म्हणाली. "एवढ्यासाठी कोण असं करल? त्यांनी पैसेच घेतलेत. मोठी माणसं हायत ती, एवढ्यासाठी न्हाय करायची."

आप्पा उठले. मला वाटलं, आता तरी बोलतील. त्यांनी वर हात करून आतूनच शटर ओढलं. ते खाली येता येता आधी विभूती गेली, मग खिसा गेला, मग धोतर, आणि शेवटी फरशीवर नुसती दोन पावलं राहिली, बोटं घट्ट आवळलेली. मग तीही दिसेनाशी झाली.